लेकरू आजारी असताना आईने फिरायला जावे का?

मुंबईहून लेकीला घेऊन वालूरला परतून आठ दिवस झाले होते. संध्याकाळी तिचा डोळा लागला, तिचे वडील घरी होते, म्हणून पायात चप्पल सरकवून मी सेलू रस्त्याने चालायला निघाले. चौकापर्यंतही गेले नसेन. ओट्यावर बसलेल्या एका आजीने हाक मारली, "काय गं माय, लेकरू अंथरुणाला अन् तू हवा खायला निघालीस?" तिच्या बोलण्यात विखार नव्हता, सहज विचारले होते तिने. पण मी खोटे बोलले. "नाही आजी, दुकानात चालले," म्हणाले. दुकानातून नको असलेली काडेपेटी घेतली आणि घरी परतले. पुढचे तीन महिने मी चालायला गेले नाही.

त्या आजीला तेव्हा जे उत्तर देता आले नाही, ते या लेखात देते आहे. आपल्या वस्तीत अशी घरे कमी नाहीत. कुणाचे लेकरू सिकलसेलचे, कुणाचे थॅलेसेमियाचे, दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागणारे. कुणाचे जन्मतः हृदयाला छिद्र असलेले, कुणाचे सेरेब्रल पाल्सीमुळे दहा वर्षांचे झाले तरी कडेवरच असलेले. माझ्या लेकीला रक्ताचा कर्करोग झाला होता. लहान मुलांच्या या कर्करोगात जो प्रकार सर्वांत जास्त दिसतो, त्याचा उपचार दोन ते अडीच वर्षे चालतो आणि बहुसंख्य लेकरे त्यातून बरी होतात. ती बरी होतात हे खरे, पण एवढी वर्षे त्यांच्या उशाशी बसणाऱ्या माणसाचे काय होते, हे कुणी फारसे पाहत नाही.

मी व्यवसायाने आरोग्यसेविका. पंधरा वर्षे गावोगावच्या बायाबापड्यांच्या दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजला. "मावशी, मीठ कमी करा, रोज थोडं चाला," हे वाक्य किती वेळा म्हटले असेल याची गणती नाही. लेकीच्या उपचारासाठी सेलूहून देवगिरी एक्स्प्रेसने दादरला उतरायचे, संत गाडगे महाराज धर्मशाळेत राहायचे आणि तिथून परळच्या रुग्णालयात, असे आमचे महिनोन्महिने चालले. एके दिवशी रांगेत उभी असताना डोळ्यापुढे अंधारी आली. तिथल्या एका सिस्टरने बसवून रक्तदाब मोजला. 160/100. त्याआधी माझा स्वतःचा रक्तदाब मी कधी मोजला होता, हे मला आठवेना. वजन नऊ किलोने वाढले होते. रात्री दोन वाजता जाग यायची ती यायचीच. नवऱ्यावर चिडत होते, आणि एकदा तर सुईला घाबरून रडणाऱ्या लेकीवर हात उगारला. मारले नाही, पण उगारला. ते आठवले की आजही अंगावर काटा येतो.

हे असे का होते, ते शरीराच्या भाषेत सांगते. संकट दिसले की आपले शरीर पळायला किंवा लढायला तयार होते. मूत्रपिंडाच्या डोक्यावर असलेल्या ग्रंथींतून अॅड्रेनॅलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके रक्तात सुटतात. हृदय जोरात धडधडते, श्वास वर-वर चालतो, खांदे आणि जबडा आवळला जातो, रक्तातली साखर वाढते. शेतात साप दिसला तर हे सगळे उपयोगाचे. माणूस उडी मारतो, पळतो, दहा मिनिटांत सगळे शांत होते. रुग्णालयात मात्र साप रोजच समोर असतो आणि पळायची सोय नसते. अंगात पळण्याची पूर्ण तयारी आणि बसायला एक स्टूल! रिपोर्ट येईपर्यंत बसा, सलाईन संपेपर्यंत बसा, डॉक्टर येईपर्यंत बसा. पळण्यासाठी सुटलेली ती शक्ती मग आतच फिरत राहते. झोप उडते, भूक एकतर मरते किंवा गोडधोडावर तुटून पडते, पाठ धरते, रक्तदाब चढतो.

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात एलिसा एपेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 साली नेमका असाच अभ्यास प्रसिद्ध केला. 58 आया. त्यातल्या 39 जणींची लेकरे दीर्घकाळ आजारी, बाकीच्यांची धडधाकट. त्यांच्या रक्तातल्या पेशींमध्ये गुणसूत्रांच्या टोकांवर जे टोपण असते, ज्याला टेलोमिअर म्हणतात, ते मोजले. बुटाच्या नाडीच्या टोकाला प्लॅस्टिकची नळी असते ना, तसेच हे टोपण. ते झिजले की नाडी उसवते, तशी पेशी म्हातारी होते. जितकी जास्त वर्षे आई आजारी लेकराची सेवा करत होती, तितके तिचे टोपण आखूड दिसले. आणि ज्यांना सर्वांत जास्त ताण जाणवत होता, त्यांच्या पेशी कमी ताणवाल्या बायांच्या तुलनेत निदान दहा वर्षांनी जास्त म्हाताऱ्या दिसल्या. या अभ्यासात सहभागी असलेल्या एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांना पुढे 2009 मध्ये टेलोमिअरवरच्याच संशोधनासाठी नोबेल मिळाले. "काळजीनं माणूस झिजतं" हे आपली आजी म्हणतच होती, फक्त तिच्याकडे सूक्ष्मदर्शक नव्हता.

याच धाग्यावर 2018 मध्ये आणखी एक प्रयोग प्रसिद्ध झाला. स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकांची घरी सेवा करणारी, एरवी काहीच व्यायाम न करणारी माणसे निवडली. काहींना 24 आठवडे, आठवड्यातून तीन ते पाच वेळा, चाळीस-चाळीस मिनिटांचा दम लागेल असा व्यायाम दिला. काहींना नुसते थांबायला सांगितले. व्यायाम केलेल्यांना जाणवणारा ताण कमी झाला आणि टेलोमिअरचीही स्थिती सुधारलेली दिसली. घरातला रुग्ण तोच होता, काम तेच होते. बदलले ते सेवा करणाऱ्याचे शरीर. अभ्यास लहान आहेत, त्यांवरून डोंगराएवढे दावे करू नयेत. पण चालण्याने उदासी आणि धास्ती उतरते, झोप सुधारते, रक्तदाब आणि साखर आटोक्यात राहते, एवढे तर आता जगभर मान्य आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये दिलेले माप असे: मोठ्या माणसाने आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम जोराची हालचाल करावी, म्हणजे बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही इतका दम लागावा. पूर्वी सांगत की निदान सलग दहा मिनिटे तरी हवीत. ती अट आता राहिलेली नाही. चार मिनिटांचा जिनासुद्धा मोजला जातो. आजारी लेकराच्या घरासाठी ही फार मोठी सवलत आहे, कारण सलग अर्धा तास आपल्याला मिळतो कुठे?

आता एक प्रश्न येणारच आणि तो रास्त आहे. "आम्ही दिवसभर कापूस वेचतो, सोयाबीन काढतो, मोळ्या वाहतो. आम्हाला कसला व्यायाम सांगता? व्यायाम शहरातल्या बसून खाणाऱ्यांनी करावा." मी पण हेच म्हणायचे. यात अर्धे खरे आहे. मजुरी करणाऱ्या बाईला घाम गाळायला वेगळे चालायची गरज नाही, ती 150 मिनिटे दोन दिवसांत संपवते. पण कापूस वेचताना कंबर सतत पुढे वाकलेली, एक खांदा ओट्याच्या ओझ्याने खाली ओढलेला, उन्हात पाणी कमी, आणि डोक्यात एकच विचार: घरी लेकराला ताप तर नसेल आला? हे काम अंग वापरते, पण अंगाला मोकळे करत नाही. शिवाय ते स्वतःच्या मर्जीचे नसते, थांबायचे कधी हे दुसरा ठरवतो. अशा बाईला, बापाला मी चालायला सांगत नाही. तिला सांगते ते उलटे काम. शेतातून आल्यावर भिंतीला पाठ टेकून उभे राहा, डोके, खांदे, कुल्ले भिंतीला लागू द्या, हात हळूहळू भिंतीवरून वर न्या आणि खाली आणा, दहा वेळा. मग जमिनीवर चटई टाकून उताणे पडा, पोटऱ्या खाटेवर किंवा पेटीवर ठेवा. पाच मिनिटे. एक हात पोटावर. श्वास आत घेताना पोट वर आले पाहिजे, सोडताना आत घेण्यापेक्षा जास्त वेळ लागला पाहिजे. आत घेताना मनात चारपर्यंत मोजा, सोडताना सहापर्यंत. लांब सोडलेल्या श्वासाने हृदयाचे ठोके मंदावतात, हे नाडीवर बोट ठेवून स्वतः पाहता येते. चूल त्या पाच मिनिटांत विझत नाही.

जी आई किंवा बाप रुग्णालयात उशाशी बसलेला आहे, त्याचे दुखणे दुसरे. तिथे अंग आखडते, पाय सुजतात, पोट साफ होत नाही. तिथे हालचालच औषध. पाणी आणायला लिफ्टने न जाता जिन्याने जा. खुर्चीवरून हात न टेकता उठा आणि बसा, दहा वेळा. भिंतीला दोन्ही तळहात टेकून भिंत ढकलल्यासारखे पुढे-मागे व्हा, दहा वेळा. रांगेत उभे असताना टाचा उचलून चवड्यांवर उभे राहा आणि हळू खाली या, वीस वेळा. पोटरीचे स्नायू पायातले रक्त वर ढकलतात, सूज उतरते. कुणी बघते का? बघते. पहिल्या दिवशी मलाही लाज वाटली. तिसऱ्या दिवशी शेजारच्या खाटेजवळची एक आई माझ्याबरोबर टाचा उचलू लागली, आणि आठवड्याने आम्ही पाच जणी होतो. एक बिहारची, एक कोकणातली. भाषा एकमेकींची पुरती कळत नव्हती, आकडे मोजायला अडचण आली नाही.

तिसरा प्रकार उचलणाऱ्यांचा. ज्यांचे लेकरू चालत नाही, त्यांची कंबर सर्वांत आधी जाते. लेकरू वाढत जाते, आईची ताकद वाढत नाही. इथे व्यायामाइतकीच उचलण्याची पद्धत महत्त्वाची. कंबरेत वाकून ओढू नका. पाय थोडे फाकवून गुडघ्यांत वाका, लेकराला छातीशी घट्ट धरा, मग पायांच्या जोरावर उठा. वळायचे असेल तर कंबर पिरगाळू नका, पावले टाकून वळा. अंघोळ जमिनीवर न घालता पाटावर किंवा स्टुलावर घालता आली तर रोजची दोन वाकणी वाचतात. जिल्हा रुग्णालयात लेकराच्या फिजिओथेरपीला जाल, तेव्हा तिथल्या ताईंना विचारा, "याला उचलायचं कसं ते मला दाखवा." त्या दाखवतात. आपण लेकराचे विचारतो, स्वतःचे विचारत नाही.

कुणी म्हणेल, हे सगळे पाश्चात्त्यांचे खूळ आहे. तर विनयपिटकातली एक हकिगत ऐका. वैशालीत लोक भिक्खूंना उत्तम पक्वान्नांचे भोजन देत. ते खाऊन भिक्खूंची शरीरे जड झाली, ते आजारी पडू लागले. वैद्य जीवक काही कामाने वैशालीला गेला होता, त्याने हे पाहिले आणि तथागतांना विनंती केली की भिक्खूंना चंकमण आणि जंताघर, म्हणजे चालण्याची जागा आणि शेकून घाम काढण्याची खोली, यांची परवानगी द्यावी. तथागतांनी दिली. अंगुत्तर निकायात चंकमणाचे पाच फायदे सांगितले आहेत: प्रवास सोसण्याची ताकद येते, प्रयत्न करण्याची ताकद येते, आजार कमी होतात, खाल्लेले नीट पचते आणि चालताना मिळवलेली एकाग्रता जास्त काळ टिकते. चालणे हा आपल्या धम्मातला जुना, सन्मानाचा आचार आहे. आपल्याकडे ध्यान म्हटले की मांडी घालून डोळे मिटणे एवढेच समजतात. माझा अनुभव सांगते, ज्यांचे लेकरू नुकतेच गंभीर आजारी निघाले आहे त्यांना लगेच डोळे मिटून बसायला सांगू नये. डोळे मिटले की रिपोर्टच दिसतो. त्यांना आधी चालू द्यावे. डावे पाऊल, उजवे पाऊल, टाच टेकली, चवडा टेकला, एवढ्यावर लक्ष. पंधरा मिनिटांत दोन मिनिटे जरी मन पावलावर राहिले तरी ती दोन मिनिटे विश्रांतीची.

आणि त्या आजीच्या प्रश्नाचे थेट उत्तर संयुत्त निकायात आहे. एक बांबूवरचे खेळ करणारा डोंबारी होता. त्याने आपल्या चेल्याला बांबूवर खांद्यावर उभे केले आणि म्हणाला, "तू मला सांभाळ, मी तुला सांभाळतो, म्हणजे खेळ नीट होईल." चेला म्हणाला, "गुरुजी, तसे नाही. तुम्ही तुमचा तोल सांभाळा, मी माझा सांभाळतो, तरच आपण दोघे सुखरूप खाली उतरू." तथागतांनी चेल्याचे म्हणणे बरोबर ठरवले, आणि पुढे सांगितले की जो स्वतःला सांभाळतो तो दुसऱ्याला सांभाळतो, आणि जो क्षमेने, अहिंसेने, मैत्रीने, करुणेने दुसऱ्याला सांभाळतो तो स्वतःला सांभाळतो. आपले आजारी लेकरू आपल्या खांद्यावर उभे आहे. खालच्याचे पाय लटपटले तर वरचा कुठे जाणार?

आता जरा अवघड बोलते. परळच्या त्या रुग्णालयापासून चालत जाण्याच्या अंतरावर पोयबावडीची बी.आय.टी. चाळ आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या 50 आणि 51 क्रमांकाच्या खोल्यांत बाबासाहेबांचा आणि माता रमाईंचा संसार वर्षानुवर्षे होता. सिस्टरने मला चालायला सांगितले तेव्हा पहिल्यांदा मी तिथवर चालत गेले. दुसरी कुठली जागा मला मुंबईत माहीत नव्हती. खाली उभी राहून वर बघितले. पाच लेकरांपैकी गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार त्या माउलीच्या डोळ्यांदेखत गेली. एकटा यशवंत राहिला. राजरत्न जुलै 1926 मध्ये गेला. त्यानंतर महिन्याभराने, ऑगस्टमध्ये, बाबासाहेबांनी मित्र दत्तोबा पवार यांना लिहिलेल्या पत्रात आपल्या दुःखाला वाट करून दिली. महाडच्या सत्याग्रहाला तेव्हा वर्षही उरले नव्हते. एवढा मोठा माणूस, त्यालाही कुणाला तरी लिहावे लागले, सांगावे लागले. रमाईंनी कुणाला सांगितले असेल? 27 मे 1935 रोजी दादरच्या राजगृहात त्या गेल्या. वय 37.

आपण रमाईंच्या त्यागाची गाणी गातो, 7 फेब्रुवारीला जयंती करतो. करायलाच हवी. पण मला भीती वाटते ती याची की आपण त्यागाचे माप करून ते आजच्या बाईच्या अंगाला लावतो. "रमाईनं एवढं सोसलं, तुला एवढंही होत नाही?" असे माझ्या तोंडावर एकीने म्हटले आहे. रमाईंना सोसावे लागले कारण गरिबी होती, औषधपाणी नव्हते आणि जातीने सगळी दारे बंद केली होती. ते सोसणे कुणा आईच्या वाट्याला पुन्हा येऊ नये म्हणून तर सगळी चळवळ झाली. त्यांच्या नावाने आजच्या आईला उपाशी, जागरणाने पिवळी पडलेली आणि गप्प बसवून ठेवायचे असेल, तर मग आपण त्यांच्या दुःखातून काय घेतले?

बापांविषयी थोडे. आई निदान रडते. बाप बाहेर ओट्यावर जाऊन बसतो, गुटख्याची पुडी फोडतो, काही जण रात्री घेऊन येतात. पैशाची जुळवाजुळव त्याच्या डोक्यावर, आणि दुःख बोलायला त्याला कुणी शिकवलेले नाही. माझ्या नवऱ्याला समोरासमोर बसवून "बोला" म्हटले की तो मोबाईलमध्ये बघायचा. पण आमच्या शेजारचे एक दादा त्याला सकाळी शेताकडे पायी घेऊन जाऊ लागले. बांधाबांधाने जाताना कुणाच्या डोळ्यात बघावे लागत नाही. दादा पिकाचे बोलायचे, हा ऐकायचा. बाराव्या-तेराव्या दिवशी तुरीच्या शेताजवळ हा मटकन खाली बसून रडला, असे दादांनी मला पुष्कळ नंतर सांगितले. त्या दिवसापासून रात्रीचे पिणे कमी झाले. बंद झाले असे म्हणणार नाही. कमी झाले.

सुरू करण्याआधी काही गोष्टी तपासून घ्याव्यात. आपल्या बायांमध्ये रक्त कमी असणे फार. चार पायऱ्या चढून धाप लागत असेल, नखे आणि डोळ्यांची आतली बाजू फिकी असेल, तर आधी गावच्या आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासा, लोहाच्या गोळ्या सुरू करा आणि मग हळूहळू चाला. चालताना छातीत दुखले, दाटले, डावा हात किंवा जबडा दुखू लागला तर थांबा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि व्यायामाने सगळे होते असे मुळीच समजू नका. दोन आठवड्यांहून जास्त काळ रोज उदास वाटत असेल, कशातच जीव रमत नसेल, लेकराकडे बघावेसेही वाटत नसेल, किंवा "आम्ही दोघंही संपलो तर बरं" असा विचार एकदा जरी मनात आला, तर तो आजार आहे आणि त्याला औषध आहे. 14416 या क्रमांकावर टेली-मानसची सेवा चोवीस तास, फुकट, मराठीतून मिळते. फोन केला म्हणजे माणूस वेडा ठरत नाही. मी केला आहे.

आता खरी अडचण. सगळे पटले तरी आई घराबाहेर पडणार कशी? लेकराजवळ बसणार कोण? व्यायाम न होण्याचे कारण आळस नाही, हे मी पंधरा वर्षांच्या नोकरीत आणि तीन वर्षांच्या आजारपणात पुरते ओळखले आहे. कारण दोन: मनातला अपराधीपणा आणि बसायला माणूस नसणे. पहिल्यावर सुत्त वाचून उपाय होतो, दुसऱ्याला शेजारीण लागते.

आमच्याकडे वर्षावासात विहारात रोज संध्याकाळी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन असते. मागच्या वर्षावासात एका संध्याकाळी वाचनानंतर मी उभी राहिले आणि ही काडेपेटीची गोष्ट सांगितली. कुणाचे नाव घेतले नाही. मग म्हणाले, आपल्या वस्तीत मोठ्या आजाराची चार लेकरे आहेत. पैसे नकोत, डबा नको. आठवड्यातून एक दिवस एक तास त्या लेकराजवळ येऊन बसा, म्हणजे त्याची आई बाहेर पडेल. थोडी कुजबुज झाली. मग दोघीतिघींनी हात वर केला.

बसायला येणाऱ्यांसाठी नियम मी एका कागदावर लिहून दिले. स्वतःला सर्दी, खोकला, ताप, जुलाब असेल तर त्या दिवशी येऊ नका, वाईट वाटणार नाही. आल्याबरोबर साबणाने हात धुवा. केमोथेरपी चालू असलेल्या लेकराच्या पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात, आपल्याला शिंक देणारा जंतू त्याला रुग्णालयात नेतो, म्हणून मास्क लावा, मुका घेऊ नका, बाहेरचे काही खायला देऊ नका. अंग गरम लागले तर थर्मामीटर लावा. 100.4 फॅरनहाइट किंवा त्यावर दिसला तर "आई आल्यावर बघू" म्हणू नका, लगेच फोन करा, कारण अशा लेकराच्या तापाला तासांचा हिशोब असतो. सिकलसेलच्या लेकराला पाणी पाजत राहा, गारठ्यात ठेवू नका. आकडी येणाऱ्या लेकराला आकडी आली तर कुशीवर वळवा, तोंडात चमचा, कांदा, चप्पल काही घालू नका, वेळ बघा आणि आईला बोलवा. आणि सर्वांत शेवटी लिहिले, "आजारावर बोलू नका. अमक्याचं पोरगं याच आजारानं गेलं, हे तर अजिबात नको. गोष्ट सांगा, पत्ते खेळा, नाहीतर नुसते बसा."

आईसाठीही एक नियम आहे. तो तास भांडी घासण्यात किंवा रेशनच्या रांगेत घालवायचा नाही. पहिल्या दोन-तीन वेळा प्रत्येक आई तेच करते. एकजण तर तो तासभर घराच्या मागच्या भिंतीला टेकून उभी होती, आत काय चालले आहे ते ऐकत. हळूहळू सुटते. आता ती गावातल्या चक्राकार बारवेपर्यंत जाऊन येते. गावकऱ्यांनी श्रमदानाने गाळ, झाडोरा काढून ती बारव मोकळी केली, तेव्हापासून बाहेरगावचे लोक गाडी करून बघायला येतात. आपण शेजारी राहून कधी धड पाहिली नव्हती. ती म्हणते, काठावर उभे राहून गोल फिरत खाली गेलेल्या पायऱ्या नुसत्या डोळ्यांनी उतरत गेले तरी डोके शांत होते. प्रत्यक्ष उतरायचे तर कोरड्या दिवसांत, आधार धरून आणि सोबत घेऊनच. पावसाळ्यात शेवाळावरून पाय घसरतो.

माझी लेक आता शाळेत जाते. तपासणीला अजून मुंबईला जावे लागते, आणि रिपोर्टच्या आदल्या रात्री मला अजूनही दोन वाजता जाग येते. तेव्हा मी अंगणात चालते, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, बावीस पावले. रक्तदाबाची गोळी चालू आहे, परवा 128/82 होता.

ओट्यावरच्या त्या आजी आता मंगळवारी आमच्या गल्लीतल्या एका सिकलसेलच्या पोराजवळ बसतात. त्याला त्यांनी चल्लस-आठ शिकवला आणि तो त्यांना रोज हरवतो, अशी त्यांची तक्रार आहे. बसणाऱ्यांच्या पाळ्यांचा कागद विहारात दाराजवळ लावला आहे. सोमवार, मंगळवार, बुधवार आणि शनिवार भरले आहेत. गुरुवारी एक ताई येते म्हणाल्या आहेत, नक्की नाही. शुक्रवार आणि रविवार मोकळे आहेत.